पोटावर झोपून काढलेला नंबर

माझ्या दुकानात अधूनमधून एखादा साठी-सत्तरीचा माणूस फरशीवर पोटावर झोपलेला असतो आणि मी त्याच्याशेजारी गुडघे टेकून त्याच्या नाकावरचा चष्मा हलवत असते. बाहेरून जाणाऱ्यांना वाटतं, कोणाला तरी चक्कर आली. मागे एक बाई पाण्याची बाटली घेऊन धावतच आत शिरल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, काही झालेलं नाही, नंबर काढतेय." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं, ते पाणी स्वतःच प्यायल्या आणि गेल्या.

नाशिकच्या गंगापूर रोडवर माझं चष्म्याचं दुकान आहे. अडतीस वर्षं मी लोकांना "हे स्पष्ट, की हे?" एवढा एकच प्रश्न विचारत आले आहे. या प्रश्नाला खरं उत्तर देणारी माणसं फार थोडी. बहुतेकांना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. कोणी डोळे बारीक करून वाचतं, कोणी खुर्चीतून पुढे सरकतं, कोणी मला बरं वाटावं म्हणून "आता छान दिसतंय हं" म्हणतं. अशा माणसांवर मी चिडते. माझा आवाज चढतो, हे सगळ्या गंगापूर रोडला माहीत आहे.

पण हे झोपून नंबर काढण्याचं खूळ मुळात माझं नाही. ते निफाडच्या अण्णांनी माझ्या दुकानात आणलं.

अण्णा द्राक्षबागायतदार. बाग मुलांच्या हाती दिलेली आणि स्वतः आठवड्यातून तीन दिवस शहराबाहेरच्या एका रेंजवर रायफल मारायला जायचे. कॉलेजात एनसीसीमध्ये हातात आलेली रायफल त्यांनी मनातून कधी खाली ठेवलीच नाही. पहिल्यांदा आले तेव्हा पासष्टीचे असतील. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ताई, मला लांबचा नको, जवळचा बी नको. साडेतीन फुटाचा चष्मा द्या."

"साडेतीन फुटावर काय आहे तुमच्या?"

"माशी."

बंदुकीच्या टोकाशी जी खूण असते, तिला माशी म्हणतात. अण्णांच्या रायफलीत ती बारीक कड्यासारखी गोल असते. मागे डोळ्यापाशी एक चकती, तिला टाचणीएवढं भोक. त्या भोकातून पाहायचं, पुढच्या कड्यात पन्नास मीटरवरचा काळा ठिपका बरोबर मधोमध आणायचा आणि श्वास धरून चाप ओढायचा. दुर्बीण नाही, भिंग नाही. तरुण डोळा या दोन्हींवर इतक्या चटकन फिरतो की दोन्ही स्पष्ट आहेत असंच त्याला वाटतं. चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंग ताठर होतं. मग एक काहीतरी धरायचं आणि दुसरं सोडायचं.

खरं सांगायचं तर तोवर अशा लोकांना मी एकच वाक्य ऐकवत असे, "वय झालं, आता असंच दिसणार." बारीक मोती ओवणाऱ्या एका बाईंना मी असंच वाटेला लावलं होतं. त्यांनी पुन्हा मोती हातात घेतले की नाही, कोण जाणे. त्याचं आजही वाईट वाटतं. अण्णांनाही मी तेच वाक्य ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "वय माझं झालंय, तुमच्या काचांचं नाय ना?" मी टेप घेतली, साडेतीन फुटाचा हिशेब केला आणि अगदी बरोब्बर तेवढ्या अंतराचा चष्मा करून दिला. स्वतःवर खूश होते मी.

चार दिवसांनी दुकानात एक उंच, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आले. नामपूरचे कांद्याचे व्यापारी, नाशकात मुलाकडे राहायला आलेले आणि रेंजवर अण्णांच्या शेजारच्या जागेवर झोपणारे. सगळे त्यांना शेठ म्हणतात. हात जोडून म्हणाले, "बाई, अण्णाले हाऊच चष्मा राहू द्या. भारी शे!"

मला आनंद झाला. मग कळलं ते असं. आदल्या दिवशी क्लबात एक छोटी स्पर्धा होती. माझ्या चष्म्यातून अण्णांना माशी लख्ख दिसत होती, पण त्यापलीकडचं सगळं जग विरघळलं होतं. निशाण कुठलं, त्यावरचा आकडा कितवा, काही कळेना. जे काळपट दिसलं त्यावर त्यांनी नेम धरला आणि एकामागून एक पाच गोळ्या शेठच्या कागदावर मारल्या. शेठच्या कागदावर भोकं जास्त झाली, कुठलं कोणाचं ते ठरेना, म्हणून नियमाप्रमाणे त्यातली चांगली भोकं शेठच्या नावावर गेली. शेठना आयुष्यात पहिल्यांदा बक्षीस मिळालं होतं.

अण्णा मागोमाग आलेच. रागावले नव्हते. "माशी झकास हाय ताई. फक्त बाकीचं नाशिक दिसत नाय."

तेव्हा मी या विषयात डोकं घातलं. पूर्ण नंबर देऊन चालत नाही, साधारण अर्ध्यावर थांबावं लागतं. म्हणजे माशी स्पष्ट राहते आणि निशाण जरा धूसर, पण जागेवर राहतं. उरलेली कसर मागच्या चकतीचं भोक भरून काढतं. बारीक भोकातून पाहिलं की कुठलाही डोळा असतो त्यापेक्षा बरं पाहतो. नंबर काढायच्या आमच्या काचांच्या पेटीतसुद्धा असं भोक पाडलेली एक काळी चकती असते, ज्याला काहीच दिसत नाही त्याला आधी तिच्यातून पाहायला लावतात. पण नेमबाजाला हे पटवणं महाकठीण. त्याला निशाणच स्वच्छ हवं असतं. मी ओरडून सांगायची, "अहो, निशाण कुठे पळून जाणार नाहीये! माशीकडे बघा!"

दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती त्यांच्या मानेची. झोपून नेम धरताना गाल लाकडाला टेकतो, मान कलते आणि माणूस चष्म्याच्या मधून न पाहता वरच्या, नाकाजवळच्या कोपऱ्यातून पाहतो. खुर्चीत ताठ बसवून काढलेला नंबर तिथे काय कामाचा? म्हणून मी अण्णांना म्हटलं, झोपा. रायफल दुकानात आणायची नाही, ती क्लबात कुलपात. मग अण्णांनी बागेतल्या ठिबकचा पाइप बरोब्बर लांबीचा कापून आणला, पुढच्या टोकाला माशी म्हणून वॉशर चिकटवला. दुकान जेमतेम वीस फूट, म्हणून काचेच्या दारातून समोरच्या मिठाईवाल्याच्या भिंतीवर काळा कागद लावला आणि त्यावर नेम धरायचं ठरलं.

पंधरा मिनिटांत हवालदार हजर. कोणीतरी फोन केला होता की चष्म्याच्या दुकानातून एक म्हातारा मिठाईवाल्यावर बंदूक रोखून पडलाय आणि दुकानाची बाई त्याला "थोडं डावीकडे" असं सांगतेय.

"हे काय चाललंय, मॅडम?"

"नंबर काढतेय."

पाइप पाहून हवालदाराला धीर आला, पण विश्वास बसेना. म्हणाला, मी बघतो. टोपी काढून स्वतः झोपला, पाइपला गाल लावला. पाइप डावीकडे-उजवीकडे फिरवला. मग खालूनच म्हणाला, "मॅडम, काळा कागद कुठं लावलाय?" त्याला लांबचा चांगला दीडचा नंबर निघाला. मी विचारलं, गाड्यांचे नंबर कसे टिपता? "अंदाजानं," म्हणाला.

शेवटी अण्णांसाठी मी एक जुनी धातूची फ्रेम तापवून वाकवली. एक बाजू वर, एक खाली, काच नाकाकडे सरकलेली, दुसऱ्या डोळ्यासमोर दुधी पट्टी. टेबलावर ठेवली तर कोणाच्या तरी पायाखाली आल्यासारखी दिसायची. पण झोपल्यावर त्यांच्या डोळ्यासमोर ती अशी काटकोनात बसायची, की मी स्वतःच्या हाताचं चुंबन घ्यावं. तो चष्मा घालून अण्णांनी पाच वर्षं सुखात काढली.

सत्तरी झाली आणि अण्णा पडलेल्या चेहऱ्याने दुकानात आले. त्यांच्या क्लबचा एक नियम आहे. सत्तरी झालेल्याने वार्षिक स्पर्धेत साठ गोळ्यांत सहाशेपैकी पाचशे चाळीस तरी करायचे. नाही झाले, तर त्याला सन्माननीय सभासद करतात. म्हणजे शाल, नारळ, स्मृतिचिन्ह आणि रेंजच्या मागे सावलीत एक खुर्ची. रायफल मात्र परत हातात द्यायची नाही.

"ताई, त्या खुर्चीवर बसलेली तीन माणसं मी पाह्यलीत," अण्णा म्हणाले. "चहा पितात अन् दुसऱ्याला टाळ्या वाजवतात. मला नाय बसायचं तिथं."

मी तक्ता वाचायला सांगितला. अण्णांनी सगळ्यात खालची ओळ घडाघडा म्हटली. मला आश्चर्य वाटलं, कारण तक्त्याच्या पेटीतला बल्ब सकाळीच गेला होता. अक्षरं मलाच दिसत नव्हती. पठ्ठ्याने बाकावर बसल्याबसल्या, इतरांचं ऐकून ऐकून, सगळा तक्ता पाठ केला होता! मी इतकी चिडले की विचारू नका. "अण्णा, तक्ता पाठ करून डोळे सुधारत नाहीत! तुम्ही कोणाला फसवताय? मला? उद्या माशी पाठ करणार आहात का?" अण्णा मान खाली घालून बसले. मग हळूच म्हणाले, "भीती वाटली, ताई." माझा राग तिथेच उतरला. नंबर थोडासाच बदलला होता. मी नवी काच त्याच वाकड्या फ्रेमीत बसवून दिली आणि म्हटलं, जा, पाचशे चाळीस करून या.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय तोच अण्णांचा फोन. "ताई, माशी गोल दिसत नाय. लांबडी दिसती, अंड्यासारखी. निशाण बी तिरपं पळतंय. लवकर या."

मी पकड, स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकले आणि स्कूटर काढली. रेंजच्या फाटकावरच भला मोठा फ्लेक्स लागला होता. वर हसऱ्या अण्णांचा फोटो, भोवती फुलांची नक्षी, खाली 'प्रदीर्घ सेवेबद्दल हार्दिक सत्कार'. फाटकापाशी वाट पाहत उभे असलेले अण्णा म्हणाले, "बघा ना. हार घातला की झालं." क्लबचे सेक्रेटरी फार व्यवस्थित माणूस. अण्णांना पाचशे चाळीस काही जमणार नाहीत, हे गृहीत धरून त्यांनी शाल, नारळ, फोटोग्राफर आणि ऐंशी माणसांचा नाश्ता आधीच सांगून ठेवला होता.

मी चष्मा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. फ्रेम सरळ! दोन्ही बाजू समान, चकचकीत, एखाद्या शाळामास्तराच्या नाकावर शोभावी अशी. शेजारी अण्णांच्या बायको उभ्या होत्या, त्यांना सगळे माई म्हणतात. त्या कौतुकाने म्हणाल्या, "ताई, काल यांची रेंजची पिशवी उघडली, तर पार वाकडा झाला होता हो चष्मा. बसलं आसंल कोणीतरी त्यावर. म्हटलं आज सत्कार हाय, फोटो निघतील. निफाडच्या सोनाराकडनं सरळ करून आणला, रिठ्याच्या पाण्यानं घासला. यांना सांगितलंच नाय, म्हटलं खूश होतील."

अण्णांनी माईंकडे पाहिलं. रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "चकाकतोय बाकी मस्त."

गुण मोजायच्या गोळ्या सुरू व्हायला वीस मिनिटं होती. सेक्रेटरींनी सगळ्यांच्या रायफली रिकाम्या करून उघड्या ठेवायला लावल्या आणि मला नि माईंना आत सोडलं. अण्णा चटईवर झोपले. त्यांची मान कशी येते ते पाहायला मीही शेजारी झोपले, साडी सावरत, पोटावर. या वयात, ऐंशी माणसांसमोर. मोबाइल निघाले. शेठ पलीकडून म्हणाले, "बाई, तुमी बी भाग ली ऱ्हायनात का?"

बाजू वाकवल्या, तापवायला काही नाही म्हणून जपून, कणाकणाने. राहिला नाकापाशी असलेला स्क्रू. तो सैल केल्याशिवाय काच सरकणार नाही. आणि तो स्क्रू मला दिसेना.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी चष्मा लावत नाही. म्हणजे मला लागतो, पण गिऱ्हाइकांसमोर लावत नाही. चष्मेवालीलाच दिसत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील, ही माझी जुनी खोड. त्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. दोन वर्षांपूर्वीच मला कळला होता, ऑपरेशन मी आज-उद्या करत ढकलत होते. दुकानात मोठं भिंग असतं, सवयीचा हात असतो, निभतं. रेंजवर दोन्ही नव्हतं. माझी चाळिशी दुकानाच्या खणात.

मी स्क्रू ड्रायव्हर अंदाजाने टेकवला. घसरला. पुन्हा टेकवला.

"ताई, स्क्रू तिथं नाय," अण्णा हलकेच म्हणाले. "पण कुठं हाय ते मला बी दिसत नाय."

माईंनी पाहिलं, त्यांना दिसेना. सेक्रेटरींनी पाहिलं. शेठनी हातभर लांब धरून पाहिलं. ती स्पर्धा पन्नाशीच्या पुढच्यांचीच होती, बघे दोरीपलीकडे, आत सगळे एकाच होडीत. काळ्या ठिपक्याचा पन्नास मीटरवरून वेध घेणारी बारा माणसं आणि एकालाही हातातला स्क्रू दिसत नव्हता! आठ मिनिटं उरली होती. माझ्या खोडीपायी हा माणूस त्या खुर्चीवर जाऊन बसणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. लाज वाटली, रडायच्या बेताला आले.

आणि मग समोर ठेवलेल्या रायफलीकडे लक्ष गेलं. "अण्णा," मी म्हटलं, "ती मागची भोकाची चकती काढून द्या."

अण्णांनी दोन बोटांनी ती फिरवून काढली. मी ती डाव्या डोळ्याला लावली, उन्हाकडे तोंड केलं आणि टाचणीएवढ्या भोकातून पाहिलं. स्क्रू! त्याच्या डोक्यावरची चीरसुद्धा दिसली. अण्णांनी दोन्ही हातांनी फ्रेम धरली, मी एका हाताने डोळ्याला चकती धरून दुसऱ्याने स्क्रू फिरवला, काच नाकाकडे सरकवली, पुन्हा आवळला. तीन मिनिटांत चष्मा होता तसा वाकडा झाला. माई म्हणाल्या, "अगं बाई, बिघडवला की हो!"

अण्णा चकती परत जागेवर बसवून झोपले. गाल टेकवला. मी श्वास रोखून विचारलं, "काय दिसतंय? खरं सांगा."

"निशाण धूसर हाय," अण्णा म्हणाले. "माशी गोल हाय."

पुढचा तास मी त्या सावलीतल्या खुर्चीवर बसले होते. दुसरी जागाच नव्हती. तीनही सन्माननीय सभासद माझ्याशी फार अदबीने बोलले आणि एकाने मला चहा आणून दिला. साठ गोळ्या झाल्या. सेक्रेटरींनी कागद मोजले, पुन्हा मोजले. त्यांचा चेहरा उतरला.

"पाचशे एक्केचाळीस."

माईंनी अण्णांच्या पाठीत धपाटा घातला. मी चारचौघांत ढसाढसा रडले, मला त्याची लाज नाही. सेक्रेटरी मात्र शाल हातात घेऊन तसेच उभे होते. म्हणाले, "अभिनंदन अण्णा, पण आता या सगळ्याचं करायचं काय? फोटोग्राफर आलाय. उपमा गार होतोय."

अण्णांनी क्षणाचाही विचार केला नाही. "ताईंचा सत्कार करा. अडतीस वर्षं झाली दुकानाला. अन् त्यांना दिसत बी नाय."

अशा रीतीने अण्णांच्या हसऱ्या फोटोखाली माझा सत्कार झाला. मी ओरडत होते, "अहो, मी निवृत्त झालेली नाही!" पण टाळ्यांत कोणाला ऐकू जातंय? स्मृतिचिन्हावर अण्णांचं नाव कोरलेलं, म्हणून ते सेक्रेटरींनी कपाटात परत ठेवलं. त्यावर तारीख घातलेली नाही. शाल खांद्यावर पडली तेव्हा मात्र अण्णांना कशाची भीती वाटत होती, ते मला पुरतं कळलं.

निघताना मी अण्णांना मोतीबिंदूचं सांगून टाकलं, तर ते स्कूटरला आडवे आले. "ताई, आता तुमचं ऑपरेशन. पुढच्या वर्षी मला परत चष्मा लागंल, तवा तुम्हाला दिसायला पायजे. मी बरोबर येतो." मी उडवाउडवी केली, पण सोमवारी सकाळी स्वारी दुकानाच्या पायरीवर हजर. माईंनी डब्यातून शिरा दिलेला.

डॉक्टरांकडे मी खुर्चीत बसले. त्यांनी डावा डोळा झाकला, समोरचा तक्ता लावला आणि म्हणाले, "वाचा." उजव्या डोळ्याला समोर नुसता पांढरा उजेड दिसत होता. पण तक्ता माझ्या दुकानातलाच. वरपासून खालपर्यंत मी घडाघडा म्हणून दाखवला, सगळ्यात खालच्या ओळीसकट. डॉक्टर म्हणाले, "वा! मग इतक्यात घाई नाही."

मागे बाकावर अण्णा खाकरले.

"डॉक्टर, तो तक्ता यांना अडतीस वर्षं पाठ हाय. दुसरा लावा."

डॉक्टरांनी दुसरा लावला. मी पुढे सरकले, डोळा बारीक केला, जे जे करणाऱ्यांवर मी आयुष्यभर चिडले ते सगळं करून पाहिलं.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही दिसत नाही," मी म्हटलं.

"आत्ता कसं!" अण्णा म्हणाले.